पहिल्या पिशवीपासून

बोन मॅरो प्रत्यारोपणाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला फार साधा वाटतो. मुलाला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागत नाही, टाके पडत नाहीत. छातीतल्या मोठ्या शिरेत आधीच बसवलेल्या नळीतून गडद लाल मज्जेची पिशवी काही तासांत उतरते. मूल तेवढा वेळ मोबाइलवर कार्टून पाहतं, मधेच झोपतं. बाळ सहा-आठ महिन्यांचं असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या पिशव्या पाहत आलेल्या आईला ही पिशवी वेगळी आहे, हे सांगावं लागतं.

या पुस्तकाचा विषय ती पिशवी आहे. प्रस्तावनेत मात्र मला तिच्या आधीच्या पिशव्यांबद्दल बोलायचं आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं प्रत्यारोपण यशस्वी होणार की नाही, याचा मोठा हिस्सा ते मूल प्रत्यारोपणाच्या वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच ठरून गेलेला असतो. तो ठाणे जिल्ह्यातल्या यंत्रमागांच्या भिवंडीत, गल्लीतल्या दवाखान्यात ठरतो, रक्तपेढीच्या काउंटरवर ठरतो, रात्री गोळी द्यायची राहिली की नाही यावर ठरतो. मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टर हे जाणून असतात. मुलाच्या घरच्यांना ते पहिल्याच वर्षी कुणी सांगत नाही, आणि कळतं तेव्हा मूल नऊ-दहा वर्षांचं झालेलं असतं.

आधी आजार समजून घेऊ. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचं बनतं. बीटा साखळीचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो; त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ‘मायनर’, म्हणजे वाहक. तो आयुष्यभर धडधाकट राहतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी भरतं आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देत राहतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर मूल ‘मेजर’. गर्भातलं हिमोग्लोबिन बीटा साखळीवर चालत नाही, म्हणून जन्मतः बाळ ठीक दिसतं. सहा महिने उलटले की ते पांढरं पडू लागतं, दूध तोडतं, वजन वाढत नाही, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागते. मज्जा जिवाच्या आकांतानं तांबड्या पेशी तयार करत असते आणि त्यातल्या बहुतेक मज्जेतच मरतात. रक्त दिलं नाही तर कपाळाची आणि गालांची हाडं रुंदावतात, कारण आतली मज्जा जागा मागत असते. १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी अशा मुलांचं पहिलं नीट वर्णन केलं. भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद १९३८ची, कोलकात्याची. आज देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त मुलं हा आजार घेऊन जन्मतात, असा सर्वमान्य अंदाज आहे.

नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, दर वेळी नव्यानं. ‘एक आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब भिवंडीतच नव्हे, पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतही मांडला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी एकाच घरात दोन-दोन मेजर मुलं जन्माला आलेली आहेत.

हा आजार कुणाचा, असं विचारलं तर ठाणे जिल्ह्यात बोट लगेच उल्हासनगरकडे जातं. त्याला कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं वाहकप्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. कच्छी लोहाणा आणि भानुशाली समाजांतही तसंच. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जनुकाचा ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला वारंवार सापडतो. सिंध-कच्छच्या एकेकाळच्या शेजाराची ती रक्तात उरलेली खूण. या समाजांनी स्वतःहून तपासणी शिबिरं घेतली, लग्नाआधी रिपोर्ट मागायची पद्धत पाडायचा प्रयत्न केला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पण आजार एकाच समाजाचा, असं म्हटलं की बाकीचे निर्धास्त होतात, आणि तिथे घात होतो. मुंबईच्या परळमधली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था अनेक दशकं या विषयावर काम करते आहे. तिथल्या डॉ. रोशन कोला आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातचा जिल्हावार नकाशा मांडला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत वाहकांचं प्रमाण १ ते ६ टक्के असं निघालं. भिवंडीत किती प्रांतांची माणसं एकत्र आली आहेत ते पाहा: उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथलेच कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, वारली, कातकरी, आणि आता गोदामांच्या धंद्यामागे आलेले देशभरचे लोक. सात लाखांच्या शहरात एक टक्का धरला तरी सात हजार वाहक होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण वाहक आहोत हे माहीत नाही.

नात्यातल्या लग्नांबद्दल इथे बोललंच पाहिजे, पण कुणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. मुस्लिम घरांत चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात, तेलुगू घरांत मामा-भाचीची, आणि मराठी घरांत मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत अजून पुरती गेलेली नाही. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. त्याची दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही: अशा कुटुंबांत मज्जा जुळणारा दाता सख्ख्या भावंडांपलीकडे, काका-मामांच्या मुलांतही सापडू शकतो. म्हणून सख्खं भावंड जुळलं नाही म्हणजे रस्ता संपला, असं या घरांनी समजू नये. जवळच्या नातेवाइकांची तपासणी डॉक्टरांशी बोलून करून घ्यावी.

प्रत्यारोपणाचा इतिहास या पुस्तकात पुढे सविस्तर आहे, मी त्यातले तीन-चार टप्पेच सांगतो. १९५७ मध्ये अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी माणसांना शिरेतून मज्जा देण्याचे पहिले प्रयोग केले; ते रुग्ण फार जगले नाहीत. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांना पांढऱ्या पेशींवरची ती ओळख सापडली, जिला आपण आज एचएलए म्हणतो. ती कळल्याशिवाय कुणाची मज्जा कुणाला चालेल हे सांगताच येत नव्हतं. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या काही महिन्यांच्या बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली, आणि ते जगलं. आनुवंशिक आजारावर भावंडाची मज्जा काम करते, हे त्या बाळानं दाखवून दिलं. थॅलेसेमियासाठीची पहिली प्रत्यारोपणं डिसेंबर १९८१ मध्ये झाली: सिएटलला थॉमस यांच्या चमूनं आणि इटलीतल्या पेसारो या समुद्रकाठच्या गावात गुइदो लुकारेल्ली यांनी, काही दिवसांच्या अंतरानं. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्याच केंद्रात शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातलं पहिलं मज्जा-प्रत्यारोपण केलं, रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेल्या एका लहान मुलीवर. मज्जा तिच्या भावाची होती. लहानपणीच पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून डॉ. अडवाणींनी हे काम उभं केलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमन चांडी यांनी १९८६ मध्ये थॅलेसेमियाच्या मुलापासून सुरुवात केली. आज देशातली सर्वांत अनुभवी केंद्रं म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांत वेल्लोर आहे.

आता पेसारोकडे परत येतो, कारण माझं म्हणणं तिथल्या कामावर उभं आहे. लुकारेल्लींनी शेकडो मुलांवर प्रत्यारोपण केलं आणि कोण वाचलं, कोण नाही, हे प्रामाणिकपणे तपासलं. त्यांना तीन प्रश्न महत्त्वाचे सापडले. मुलाचं यकृत वाढलं आहे का? यकृतात तंतू धरले आहेत का? लोह काढण्याचं औषध आजवर नियमित घेतलं आहे का? तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर मूल पहिल्या वर्गात, एक किंवा दोन उत्तरं वाईट असतील तर दुसऱ्या, तिन्ही वाईट असतील तर तिसऱ्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत पहिल्या वर्गातल्या मुलांची जगण्याची शक्यता ९४ टक्के होती, तिसऱ्या वर्गातल्यांची ६१. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर, भावंडाची तशीच जुळणारी मज्जा. पुढे औषधांची पद्धत बदलून तिसऱ्या वर्गाचे आकडे सुधारले, तरी फरक पुसला गेला नाही. या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर प्रत्यारोपणाच्या खोलीत तयार होत नाही.

त्याचं कारण लोह. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं. जादा लोह काढून टाकायची यंत्रणा शरीरात नाहीच. ते यकृतात, हृदयात, वाढीच्या ग्रंथींत साचत जातं. थॅलेसेमियाची मुलं रक्ताअभावी मरत नाहीत तेव्हा लोहानं मरतात. आधी उपाय होता डेस्फेरॉक्सामाइन: पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ-दहा तास पंपानं सोडायचं, आठवड्यातून पाच-सहा रात्री. ते महाग होतं आणि मुलांना नकोसं होतं. तोंडानं घ्यायचं डेफेरिप्रोन जगात सगळ्यांत आधी भारतात विक्रीला आलं, सिप्ला कंपनीच्या ‘केल्फर’ या नावानं, १९९०च्या दशकाच्या मध्यावर. त्यावरचं बरंच काम मुंबईतल्या डॉक्टरांनी केलं आहे. नंतर डेफेरासिरॉक्स आलं. रोज रिकाम्या पोटी पाण्यात विरघळवून द्यायच्या त्या गोळ्यांनीच पेसारोच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं जातं. साचलेलं लोह दाखवणारा रक्तातला आकडा, फेरिटिन, हजाराच्या आसपास राहिला तर मूल पहिल्या वर्गात टिकण्याची आशा असते. पाच-सहा हजारांवर गेलेलं फेरिटिन घेऊन प्रत्यारोपणासाठी आलेल्या मुलाला डॉक्टर बहुधा आधी महिनोन्‌महिने लोह काढायला परत पाठवतात.

रक्त कुणाचं, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. मुलाला रक्त लागतं म्हटल्यावर वडील बाही वर करतात, काका येतात, मोठा भाऊ अठराचा झाला की तोही येतो. या मायेनं नुकसान होऊ शकतं. जवळच्या नातेवाइकाचं रक्त वारंवार चढवलं तर मुलाचं शरीर त्या कुटुंबाच्या पेशींची ओळख ‘परकी’ म्हणून लक्षात ठेवतं, आणि पुढे त्याच कुटुंबातली मज्जा झिडकारण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्या मुलाचं कधीतरी प्रत्यारोपण होऊ शकतं, त्याला घरच्यांचं रक्त देऊ नये. घरच्यांनी रक्त द्यावं, पण ते दुसऱ्या रुग्णासाठी. रक्त पांढऱ्या पेशी गाळलेलं असावं. त्यासाठीचा फिल्टर पहिल्या पिशवीपासून वापरला तर फायदा, पन्नासाव्या पिशवीपासून वापरला तर तेवढा नाही. हिमोग्लोबिन सहावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते नवाच्या खाली जाऊच न देणं, यानं प्लीहा आणि यकृत दोन्ही वाचतात.

सुरक्षित रक्ताची काळजी अमूर्त नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची काही मुलं रक्तातून एचआयव्ही बाधित झाल्याचं उघड झालं आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं राज्याकडून खुलासा मागितला. विषाणूचा अंश थेट शोधणारी नॅट चाचणी देशातल्या सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. महिन्याला एक-दोन पिशव्या घेणाऱ्या मुलाला दहा वर्षांत शेकडो अनोळखी दात्यांचं रक्त मिळतं; धोका प्रत्येक पिशवीत अगदी थोडा असला तरी तो साठत जातो. रक्तदान शिबिरांच्या तारखांचाही प्रश्न आहे. शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलाद, नेत्यांचे वाढदिवस या दिवशी रक्तपेढ्यांत पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही, आणि मे महिन्यात, रमजानात, दिवाळीच्या सुटीत मेजर मुलांचे आई-वडील पिशवीसाठी फोन करत फिरतात. पिशवीतल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत. भिवंडीतल्या मंडळांना आणि मशीद कमिट्यांना माझी विनंती आहे, एकाच दिवशी मोठं शिबिर भरवण्याऐवजी दर महिन्याला लहानसं भरवा. त्यातून ही मुलं जगतात.

मग जुळणीचा दिवस येतो. गालाच्या आतल्या बाजूला कापूस फिरवून किंवा थोडं रक्त घेऊन एचएलए तपासतात. एकाच आई-वडिलांचं सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड मायनर असलं तरी चालतं. त्याची मज्जा मिळालेलं मूल स्वतः मायनरसारखं जगेल, आणि मायनर निरोगीच असतो. ही तपासणी मेजर मूल दोन-तीन वर्षांचं असतानाच करून घ्यावी. भावंड जुळत असेल तर उशीर करण्यात काहीच मिळकत नाही. सर्वांत चांगले निकाल लहान वयातच मिळतात. भावंड जुळत नसेल तर चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या नोंदणीकृत दात्यांच्या यादीत शोधता येतं. जगभरच्या याद्यांत चार कोटींहून जास्त दाते आहेत, पण भारतीय वंशाचे फारच थोडे. आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा वापरण्याची पद्धत आता अनेक केंद्रांत चालते. तिचा धोका आणि खर्च दोन्ही जास्त.

ठाणे जिल्ह्यातला शेतकरी भाताचं बी टाकण्यापूर्वी पालापाचोळा पसरून राब भाजतो, म्हणजे तणाचं बी जळून जावं. मज्जा देण्याआधीच्या आठवड्याभरात केमोथेरपीची औषधं मुलाच्या शरीरात नेमकं तेच करतात: जुनी, आजारी मज्जा संपवतात, म्हणजे नवीन रुजायला जागा होते. मधले दोन-तीन आठवडे मुलाकडे स्वतःचं रक्तही नसतं आणि प्रतिकारशक्तीही नसते. तोंड येतं, केस जातात, ताप येतो. हवा गाळलेल्या खोलीत एकट्या आईसोबत ते राहतं; बाप काचेपलीकडून हात हलवतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा काउंट पाचशेवर सलग तीन दिवस राहिला की नवीन मज्जा रुजली असं धरतात. पुढचा धोका उलटा असतो: दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीराला परकं मानून कातडी, आतडी, यकृतावर हल्ला करू शकतात. त्यासाठी महिनोन्‌महिने प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. काही मुलं या सगळ्यात दगावतात, काहींची नवीन मज्जा टिकत नाही आणि थॅलेसेमिया परत येतो. केमोथेरपीमुळे पुढे अपत्य होण्याची क्षमता कमी होऊ शकते. हे सगळं संमतीपत्रावर सही करण्याआधी स्वतःच्या भाषेत, मराठीत, उर्दूत किंवा तेलुगूत, समजावून घेण्याचा आई-वडिलांना पूर्ण हक्क आहे, आणि डॉक्टर घाईत असले तरी त्यांनी तो सोडू नये.

भिवंडीच्या घरांसाठी सगळ्यात अवघड काळ घरी सोडल्यानंतरचा. पहिले शंभर दिवस मूल रुग्णालयापासून फार लांब नसावं, खोली स्वच्छ आणि कोरडी असावी, पाणी उकळलेलं असावं, आसपास बांधकामाची धूळ नसावी. ज्या घराच्या खालच्या मजल्यावर लूम चालतात, भिंतींना दमट ओल आहे, कापसाची तूस हवेत आहे आणि एका खोलीत सात-आठ माणसं राहतात, तिथे हे कसं जमायचं? म्हणून कुटुंब मुंबईत भाड्यानं खोली घेतं, आणि कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणारा बाप तीन-चार महिने कामावर जाऊ शकत नाही. रुग्णालयाच्या बिलात हा खर्च दिसत नाही. मदत करणाऱ्यांनी फक्त बिल भरून थांबू नये, हे मला आग्रहानं सांगायचं आहे. खोलीचं भाडं आणि घरचा किराणा हाही उपचाराचा भाग आहे.

पैशांबद्दल एवढंच सांगतो की रस्ते आहेत. मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया, बालरक्तविकार आणि मज्जा-प्रत्यारोपणाचं स्वतंत्र केंद्र बोरिवलीत आहे, डॉ. ममता मंगलानी यांच्या नेतृत्वाखाली तिथे सर्वसामान्य घरांतल्या मुलांची प्रत्यारोपणं होऊ लागली. परळला वाडिया रुग्णालय आहे. कोल इंडिया २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालवते. उत्पन्नाची अट बसत असेल आणि कुटुंबातला दाता पूर्ण जुळत असेल तर निवडक रुग्णालयांत एका मुलामागे १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधी, टाटा न्यास, सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडे अर्ज करता येतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहेत, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावं. या सगळ्यांचे कागद गोळा करायला महिने लागतात. म्हणूनही सुरुवात लवकर करायची.

दाता असलेल्या भावंडाबद्दल घरात फार कमी बोललं जातं. त्याला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात. पाठीच्या कण्याला हात लागत नाही, लुळेपणा येत नाही, हाड पोकळ होत नाही. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. दोन-चार दिवस कंबर दुखते. पण ते पाच-सहा वर्षांचं मूल असतं, त्याला विचारलं गेलं पाहिजे, समजेल अशा शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. आणि प्रत्यारोपण फसलं तर तुझ्यामुळे फसलं असं त्याला कधी वाटता कामा नये. अहमदाबादेत आजारी मुलासाठी जुळणारी बहीण आयव्हीएफनं निवडून जन्माला घातली गेली आणि २०२० मध्ये तिच्या मज्जेनं भाऊ बरा झाला. त्या आई-वडिलांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण अशा मुलीचं स्वतःचं मोल तिच्या मज्जेपलीकडे आहे, हे घरानं रोज दाखवावं लागतं. आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. देशातल्या केंद्रांच्या नोंदींत प्रत्यारोपण झालेल्या मुली मुलांपेक्षा कमी दिसतात. आजार मुलगा-मुलगी पाहत नाही. बहिणीची मज्जा भावासाठी चालते, तर तिच्यासाठी घर गहाण टाकायलाही घरच्यांनी मागे सरू नये.

सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल दोन शब्द. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरच्या आदिवासी आणि दलित कुटुंबांना हा शब्द परिचित आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सिकलसेलही प्रत्यारोपणानं बरा करता येतो, पण हायड्रॉक्सियुरियासारख्या स्वस्त गोळीवर अनेक मुलं चांगली राहतात, त्यामुळे कुणाला प्रत्यारोपण द्यावं हा निर्णय वेगळा आणि जास्त नाजूक आहे. त्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. जनुकांत फेरफार करणारी ‘कॅसजेव्ही’ ही उपचारपद्धत २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाली. तिची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर ठरली. भिवंडीच्या मुलासाठी तिची वाट पाहत बसणं परवडणारं नाही.

शेवटी प्रतिबंध, कारण प्रत्यारोपण कितीही चांगलं झालं तरी ते फक्त मज्जा बदलतं. मुलाच्या शुक्रपेशींत किंवा अंडपेशींत तोच जुना जनुक राहतो. मोठेपणी त्याचं प्रत्येक अपत्य किमान मायनर असणारच, म्हणून त्याच्या जोडीदाराची तपासणी अटळ आहे. इराणनं १९९७ मध्ये लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी देशभर सक्तीची केली, तिथल्या धर्मगुरूंनी साथ दिली, आणि मेजर बाळांच्या जन्मांत मोठी घट झाली. हे उदाहरण मी भिवंडीतल्या काझींसाठी मुद्दाम देतो आहे. निकाहनाम्यासोबत एक रिपोर्ट मागणं त्यांच्या हातात आहे. लग्न जमवणाऱ्या सगळ्याच समाजांच्या मंडळांच्या हातात आहे. तपासणी झाली म्हणून लग्न मोडायची गरज नाही. दोघं मायनर असतील तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, परळच्या संस्थेत ती अनेक वर्षं होते आहे, आणि पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

म्हणून पुढचं प्रकरण नेहमीच्या रक्ततपासणीच्या कागदापासून सुरू होतं. सीबीसीच्या रिपोर्टवर एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो. तो ८०च्या खाली आणि एमसीएच २७च्या खाली असेल, हिमोग्लोबिन जरासंच कमी पण तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर फक्त लोहाच्या गोळ्या घेत बसू नये; एचपीएलसी ही रक्तचाचणी करून हिमोग्लोबिनच्या एचबीए-टू या प्रकाराचा आकडा पाहून घ्यावा. तो ३.५ टक्क्यांच्या वर निघाला तर माणूस बहुधा मायनर आहे. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, म्हणून आधी ती भरून काढून पुन्हा तपासावं. गरोदर बाईचा असा रिपोर्ट आला, तर त्याच आठवड्यात नवऱ्याचंही रक्त तपासायला पाठवावं.